पापणीखालचा डोळा

“गुरुजी, खरं सांगा. डोळा हललाय?”

जनूने कुंचला कानामागे खोचला आणि तो चित्रापासून तीन पावलं मागे सरकला. मी चष्मा काढून पुसला. पुसायची गरज नव्हती. उत्तर लांबवायचं होतं.

चित्र मेरीचं होतं, येशूच्या आईचं. साडेपाचशे-सहाशे वर्षांपूर्वी नेदरलँड्सच्या मुलखात कुणी काढलेलं. जनू त्याची तैलरंगात नक्कल करत होता. लाल झगा, मांडीवर बाळ, मागे खिडकी, खिडकीत नदी, नदीवर पूल आणि पुलावरून वाकून पाणी बघणारी दोन पाठमोरी माणसं, मुंगीएवढी. त्यांना जनू ‘तुमी आनि मी’ म्हणायचा. मेरीला मेरीबाय. आणि मला गुरुजी, जरी मी कधी कुणाला काही शिकवलेलं नाही. रोह्याच्या वाचनालयात पुस्तकं देता-घेता माझी नोकरी संपली. दहा वर्षांपूर्वी जनू एक छापील चित्र घेऊन तिथे आला होता. “ह्या बाईच्या बाजूला हे फूल कसलं?” मला ठाऊक नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून शोधलं. तेव्हापासून महिन्यातून एकदा तरी मी रोह्याजवळच्या वरसेहून एसटीने पेणला जातो. तिथे माझा काय उपयोग होतो, हे मी अजून स्वतःला विचारलेलं नाही.

जनूचं खरं काम आखणीचं. पेणच्या गणपती कारखान्यांत मूर्तीला रंग पुष्कळजण देतात, पण डोळे आखणारा माणूस वेगळा असतो. चाळीस वर्षं त्याने डोळेच आखले. नकला म्हणजे मोसम नसतानाचं काम. मुंबईचा एक व्यापारी त्या परदेशी पाठवायचा.

समोर ठेवलेल्या छापील चित्रात मेरीची नजर बाळाकडे झुकलेली होती. डोळे असे नव्हतेच, दोन पापण्या तेवढ्या दिसत होत्या. जनूच्या मेरीचे डोळे मात्र टक्क उघडे होते. ही त्याची पद्धत. आधी पुरता डोळा आखायचा, तो वाळू द्यायचा, मग त्याच्यावर पापणी मिटवायची.

“जे दिसणारच नाही ते काढायचं कशाला?” मी एकदा विचारलं होतं.

“डोळा हाय म्हून पापणी मिटते, गुरुजी. नुसती पापणी काढली तर बाय आंधळी नाय व्हायची?”

गेल्या मोसमात दोन गणपतींची बुबुळं सरकली. कारखान्याच्या मालकाने जनूला फार हळुवारपणे सांगितलं, यंदा आखणी सुनेला करू दे. सून मृणाली, त्याच्याच हाताखाली शिकलेली. जनू म्हणाला, “या मेरीबायवर ठरंल. डोळा हललेला निघाला तर मी सोताच कुंचला हिच्या हातात देईन. गुरुजी सांगतील. पुस्तकं वाचनारा मानूस, खोटं नाय बोलायचा.”

पुस्तकं वाचून माणूस खरं बोलायला लागतो, हे कुठल्या पुस्तकात आहे कोण जाणे.

मी चष्मा घालून पाहिलं. डावं बुबुळ खसखशीच्या दाण्याएवढं बाहेरच्या बाजूला गेलं होतं. मेरीचा एक डोळा माझ्याकडे बघत होता आणि दुसरा माझ्या खांद्यावरून मागे, पांढऱ्या, अजून न रंगवलेल्या गणपतींच्या रांगेकडे. दारात मृणाली उभी होती. तिनेही पाहिलं होतं.

“नाही,” मी म्हणालो. “जागच्या जागी आहे.”

“आयकलंस का गो?” जनू हसला. मृणाली दारातून आत वळली.

परतताना गडब गाव मागे पडलं आणि मला डुलकी लागली. एसटी चित्रातल्या पुलावरून चालली होती. खाली पेणची भोगावती नदी होती की रोह्याची कुंडलिका, कळत नव्हतं; पाणी फार निवळ होतं. पुलावरच्या दोघांपैकी एकाने वळून पाहिलं. त्याला नाक होतं, ओठ होते, डोळे नव्हते. “माझे आखायचे राहिले,” तो म्हणाला. तक्रार करत नव्हता, नुसतं सांगत होता.

पुढचे आठ दिवस मी पुस्तकं उलटत बसलो. एका ठिकाणी सापडलं, तैलरंग वर्षागणिक पारदर्शक होत जातो आणि खाली झाकलेलं हळूहळू वर दिसू लागतं. पुस्तक मिटलं, तरी ते वाक्य मिटेना.

पेणला पोचलो तेव्हा मेरीच्या पापण्या मिटलेल्या होत्या. कालच रंगवलेल्या, अजून ओल्या. मी जनूला ते वाचलेलं सांगितलं.

“किती वर्सांनी दिसंल?”

“शंभर, दोनशे. मला नक्की सांगता येणार नाही.”

“म्हंजे कवातरी कुनीतरी बघंल तिचे डोळे!” त्याचा चेहरा उजळला. मग तो थांबला. “आनि दिसतील कसे?”

माझा हात चष्म्याकडे गेला.

“ऱ्हाऊ द्या,” जनू म्हणाला. “त्या दिशीपन तुमी चष्माच पुसलात. डोळा नीट असला की कुनी चष्मा पुसत नाय.”

“जनू, मला वाटलं...”

“तुमी दोस्त म्हून बोललात, मी दोस्त म्हून आयकलं. आपलं भागलं. पन ही बाय दोनशे वर्सांनी तिरळी बघंल, त्याचं काय?” त्याने आत हाक मारली, “मृणाली, ये गो.”

टर्पेंटाइनच्या फडक्याने ओल्या पापण्या त्याने स्वतःच पुसल्या. मेरीने पुन्हा डोळे उघडले. मग त्याने कानामागचा कुंचला काढला, सदऱ्याला पुसला आणि सुनेपुढे धरला. तिने तो घेतला नाही.

“बाबा, तुमीच करा ना. मी हात धरते तुमचा.”

“हात धरून अक्षर काढतात. डोळा नाय.”

तिने कुंचला घेतला.

दुपारचं ऊन उंबऱ्यापर्यंतच येत होतं. जनूने भिंतीवरचा दाढीचा आरसा काढला, उंबऱ्यावर बसला आणि ऊन मेरीच्या चेहऱ्यावर पाडलं. मृणालीने जुनं बुबुळ खरवडून काढलं, कुंचल्याला टोक आणलं, श्वास रोखला. आणि हात तसाच अधांतरी ठेवून थांबली.

“बाबा, उजेड हलतोय.”

जनूने डाव्या हाताने आरसा धरलेलं उजवं मनगट घट्ट धरलं. कवडसा मेरीच्या डोळ्यावर आला आणि तिथेच राहिला.