उत्तरेचा बाण

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. किती जुना ते विचारू नका. नाशिकचे काळे डोंगर माझ्यापुढे कालची पोरं! मी ग्रॅनाइट. जमिनीत खोलवर तापलेल्या रसातून माझा जन्म झाला. पुढे जमिनीचे दोन भाग एकमेकांना घासत सरकले आणि मी नेमका मध्ये सापडलो. कणकेसारखा मळला गेलो. माझे गुलाबी कण लांबट झाले, त्यांना शेपट्या फुटल्या. त्या शेपट्यांच्या रोखावरून कोणता भाग कुठे सरकला ते कळतं. मला त्यांचा फार अभिमान आहे.

विदर्भातल्या एका ओढ्यात मी सुखात होतो. तिथे नाशिकच्या एका कॉलेजची मुलं खडकांचा नकाशा करायला आली. चांदवडच्या वल्लरीच्या वाट्याला माझा ओढा आला. बाकीच्या दगडांवरच्या खुणा पाण्याने झिजलेल्या, मी तेवढा ठसठशीत. "लय भारी!" म्हणत तिने मला हातोडीने सुटं केलं आणि पिशवीत टाकलं.

मुक्कामावर तिच्या शिक्षिका श्यामला मॅडमनी मला उलटसुलट करून पाहिलं. "वल्लरी, उत्तरेचा बाण कुठंय? दगड काढायच्या आधी त्याच्यावर आखायचा असतो ना?"

वल्लरीचा चेहरा उतरला. मी ओढ्यात कोणत्या दिशेला तोंड करून बसलो होतो, हेच आता कळणार नव्हतं. तिचा नकाशा ऐन महत्त्वाच्या जागी कोरा राहणार होता. मलाही फार वाईट वाटलं. एवढा दाब सोसून जपलेली माझी हकिगत वाया जाणार होती.

"मॅडम, याला परत नेऊन बसवून बघू?"

"उद्या दुपारी गाडी निघतेय आपली. जमेल?"

"पळत जाते!"

सकाळी ती मला घेऊन खरंच पळाली. ओढ्यातली ताजी खाच तिने शोधली. मला असं धरलं, तसं धरलं. "इथं नाय... असं पण नाय..." आणि मग कडेला कड भिडली. मी माझ्या जागी चपखल बसलो. काय बरं वाटलं म्हणून सांगू! तिने होकायंत्र लावलं, माझ्या पाठीवर काळा बाण आखला आणि शेपट्यांवरून बोट फिरवलं. "उत्तरेकडचा भाग पूर्वेला सरकलाय!" ती एकटीच ओरडली.

आता मी नाशिकला, कॉलेजच्या कपाटात असतो. नवी मुलं आली की मॅडम आधी मला दाखवतात. मित्रांनो, आवडलेली वस्तू हातात घ्या, पण हलवण्याआधी ती कुठे आणि कशी होती, तेवढं टिपून ठेवा.

मला परत ठेवताना मॅडम माझा बाण न चुकता उत्तरेकडे करतात. म्हणून इथेही मी ओढ्यात बसायचो तसाच बसलेलो असतो.