बर्फातली ऑलिव्ह

गोराईच्या कॉस्मसची होडी फोनमध्ये होती. बापाची खरी ‘ऑलिव्ह’ भंगारात गेली, तेव्हा त्यानं मासेमारीच्या एका गेममध्ये फळी-फळी जोडून हुबेहूब तशीच बांधली. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, आजीचं ‘ऑलिव्ह’ हे नावही तसंच रंगवलं. आणि आता गेमवाल्यांनी कळवलं, नवं अपडेट येतंय; जुन्या होड्या बाद, सगळ्यांना चकचकीत स्पीडबोट फुकट.

माणसाची झोपच उडाली. ऑटो-अपडेटचं बटण तो बंद करायचा; फोन बंद होऊन चालू झाला की ते मेलं पुन्हा चालू! चर्चमध्ये गुडघ्यावर बसूनसुद्धा खिसा चाचपायचा.

“अरे, एअरप्लेन मोडवर टाक ना,” मी म्हटलं.

“मासेमाराला विमानाचं बटण कशाला? बटणांवर माझा भरवसाच नाय आता. बर्फात बोंबील टिकतो ना? मग गेम का नाय टिकणार?”

फोन पिशवीत गुंडाळून त्यानं थर्माकोलच्या खोक्यात, बर्फाखाली पुरला. बायकोला सांगायचं तेवढं राहिलं. सकाळी बेव्हर्ली नेहमीसारखी तोच खोका घेऊन बोरिवलीच्या बाजाराला निघाली. लाँचमध्ये मी तिच्या शेजारीच. खाडीच्या मध्यावर रेंज येते. खोक्यातून ‘टिंग’ झालं.

“बोंबील बोलायला लागले की काय गं?” मी बेव्हर्लीला विचारलं.

तेवढ्यात मागून आरोळी. कॉस्मस येत होता, पाण्यावरून धावत! घोट्याच्या वर एक थेंब लागला असेल तर शपथ. पटत नसेल तर तिवरातल्या बगळ्यांना विचारा, तेही माना वळवून बघत होते.

लाँचवर चढला, खोका उपसला. बोंबील माझ्या मांडीवर. पडद्यावर अपडेटचा आकडा पळत होता: नव्वद, त्र्याण्णव, शहाण्णव. तो ‘रद्द’ दाबतोय, पण बर्फानं भिजलेली बोटं फोनला कळेनात.

“पूस ना हात!” बेव्हर्ली ओरडली.

“कशानं पुसू? तुझा पदर दे!”

पदराला मासळीचं पाणी. नव्याण्णव! आणि गारठ्यानं फोन मेला. पडदा काळा.

“वाचली,” कॉस्मस म्हणाला आणि मटकन बसला.

मी म्हटलं, “चार्ज केलास की उरलेला एक टक्का पुरा होणार.”

तेव्हापासून फोन बर्फातच आहे. रोज ताजा बर्फ घालतो, झाकण उघडतो, लावतो, परत उघडतो. होडी आत शाबूत आहे म्हणतो. परवा बेव्हर्लीनं विचारलं, “मग चालवणार कधी?”

त्यानं झाकण घट्ट दाबून धरलं. “हळू बोल. ऐकेल ते अपडेट.”