बेसमेंटमधला देव

एडमंटनचं हे घर आम्ही घेतलं तेव्हा त्याच्या बेसमेंटमध्ये एक देव राहत होता. कागदोपत्री तो भाडेकरू. घर विकणाऱ्या मादाम नादिया मूळच्या इजिप्तच्या, वय वर्षं एकशे तीन, आणि त्यांची अट एकच: खालच्याला काढायचं नाही. माझा नवरा दीनानाथ म्हणाला, "या भावात गॅरेजसकट? भूत असलं तरी ठेवू."

मादामनी मला एकटीला खाली नेलं. घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसशेजारी खुर्चीवर तो बसला होता. अंग माणसाचं, तोंड कोल्ह्यासारखं लांबोडकं, कान लोकरीच्या टोपीत कोंबलेले. मादामनी सांगितल्यावर त्याने मान वाकवली. मानेवर लाल शाईने काढलेलं रिंगण होतं, रिंगणात साप, सापाच्या पाठीत सुरी.

"मरणाऱ्यांसाठी दार उघडणं हे याचं काम," मादाम म्हणाल्या. "ही खूण मानेवर आहे तोवर तो खुर्चीवरून उठू शकत नाही. आणि तो उठत नाही तोवर या घरात कुणी मरत नाही. पुसट झाली की गिरवायची." त्यांनी माझ्या हातात बोरू आणि शाईची बाटली दिली, आणि सामान घेऊन स्वतः काँडोतल्या फ्लॅटवर राहायला गेल्या. सातव्या दिवशी तिथे झोपेतच गेल्या. घर एवढं स्वस्त का मिळालं, ते मला तेव्हा कळलं.

दीनानाथला मी यातलं काही सांगितलं नाही. गुडघ्यामुळे तो जिना उतरत नसे. भाडेकरू लाजाळू आहे, एवढंच त्याला माहीत. मी मात्र रोज चहा घेऊन खाली जायची. त्याला काय म्हणायचं हा प्रश्न मला पडला नाही. देवाला आपण अरे-तुरेच करतो. तो मला 'बाई' म्हणायचा. मराठी तो फर्नेसच्या पाइपातून शिकला होता, दीनानाथची नागपूरच्या भावाशी फोनवर चालणारी भांडणं ऐकून. त्यामुळे तीन हजार वर्षांचा हा देव अस्सल नागपुरी बोलायचा.

सहा वर्षं अशी गेली. मग दीनानाथच्या पोटात कॅन्सर निघाला.

ऑक्टोबरात हॉस्पिटलवाल्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की आता हॉस्पिसमध्ये हलवा, तिथे शांतपणे जातील. मी म्हटलं, नाही, घरी नेते. त्याच संध्याकाळी खाली जाऊन मी ती खूण गिरवली. पुसट झाली नव्हती तरी. एकदा गिरवली, वाळू दिली, पुन्हा गिरवली.

त्यानंतर नऊ आठवडे दीनानाथ घरच्या पलंगावर होता. पाच आठवडे पोटात अन्न नाही. औषधाने दुखणं थांबत नव्हतं, फक्त ओरडणं थांबत होतं. घरी येणारी नर्स म्हणायची, "ही इज सच अ फायटर." मंडळातली शुभदा डबा घेऊन आली आणि माझा हात धरून म्हणाली, "तुझ्या पुण्याईवर जगताहेत गं." माझी पुण्याई बेसमेंटमध्ये टोपी घालून बसली होती.

डिसेंबरात एका दुपारी दीनानाथचे ओठ ओले करत होते, तेव्हा त्याने डोळे उघडले.

"प्रमोदिनी, आपल्याकडे गणपती किती दिवसांचा?"

"दीड."

"मग?"

मी कापूस खाली ठेवला.

"पाइपातून वरही ऐकू येतं," तो म्हणाला. दर दोन शब्दांना थांबत होता. "सहा वर्षं ऐकतोय तुमच्या गप्पा. खाली जा आता."

"अरे, जाई बापाला भेटायला निघालीये टोरांटोहून. साडेचारला विमान उतरेल."

त्याने डोळे मिटून घेतले. कण्हणं आवरायला चादर दातांत धरली. ते मला बघवलं नाही.

खाली गेले तेव्हा तीन वाजले होते आणि खिडकीतून अंधारून येत होतं. मी देवाच्या मागे उभी राहिले आणि साबणाने खूण घासायला लागले. मग नेलपॉलिश काढायचं औषध. मग भांड्यांची घासणी.

"काऊन घासून राहिली, बाई? कढई आहे का ते?"

"निघत का नाही?"

"तूच तर दोन हात दिले होते. पहिला राजा होता ना, ज्याच्यासाठी मला बांधलं, त्याच्या पुजाऱ्यांनीबी एवढी जाड नव्हती काढली."

"त्याने कशी पुसली?"

"कोणीच नाही पुसली आजवर. राजाला जगून जगून कंटाळा आला, तर तो महाल सोडून वाळूत चालत गेला. तुझी मादाम काँडोत गेली. ज्याला मरायचं, तो घर सोडून जाते."

दीनानाथला चालता येत नव्हतं. ॲम्ब्युलन्स बोलावता आली असती, पण त्याने माझ्याकडून वचन घेतलं होतं, परत त्या इमारतीत नको. मी पायरीवर बसून रडले. मग मला वाटलं, आपण वेड्यासारखं घासत काय बसलोय? देवाला मोकळं करणं दर भाद्रपदात आपल्याच घरात होतं.

आमच्याकडे उत्तरपूजा दीनानाथ करायचा. मंत्र त्याला येत. मी मागे आरतीचं ताट धरून दरवर्षी तेच म्हणायची, "अजून एक दिवस राहू दे ना." तो म्हणायचा, "बोलावलाय तो पाहुणा म्हणून." मग अक्षता टाकून मूर्ती जागची जराशी हलवायचा. तेवढंच. त्यानंतर चौरंगावर फक्त माती.

मी वर जाऊन तांदळाला कुंकू लावलं, वाटीत दहीपोहे कालवले. खाली आल्यावर देवाच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. मंत्र येत नव्हता, म्हणून मराठीतच म्हटलं, "ठेवून घेतलं, चुकलं. आता तुझ्या कामाला जा." आणि त्याची खुर्ची दोन्ही हातांनी धरून बोटभर सरकवली.

लाल शाईचे पोपडे निघून त्याच्या कॉलरवर पडले. देवाने मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. दहीपोहे मात्र आधी खाल्ले.

तेवढ्यात माझ्या खिशात फोन वाजला. जाईचा मेसेज होता: "लँडेड! ४० मिनिट्स!"

देवाने तो माझ्या चेहऱ्यावर वाचला. "पोरगी आली का? मी थांबतो ना, बाई. एवढा बसलो, अजून चाळीस मिनिटं बसतो. तोंड पाहू देऊ तिला बापाचं."

शाईची बाटली शेल्फवर होती, बोरू बाटलीतच. मला सगळं दिसलं. जाई बर्फाचे बूट न काढता धावत येईल, बापाच्या छातीवर डोकं ठेवेल, म्हणेल, "आई, प्लीज, डू समथिंग." उद्या ख्रिसमसची सुट्टी लागेल, मग नवीन वर्ष. मी तिच्यासाठी इथे येऊन ही मान पुन्हा रंगवेन. दोन हात, तीन हात.

"नको," मी म्हटलं. "आत्ताच चल."

"पक्कं?"

"विचारू नकोस. चल."

तो जिना हळू चढला. तीन हजार वर्षं बसलेले पाय. खोलीत जाऊन पलंगाशी वाकला, तेव्हा दीनानाथने डोळे उघडले आणि अगदी सहज, भावाशी फोनवर बोलावं तशा आवाजात म्हणाला, "या, काऊन इतका वेळ लावला?" त्याचा एक हात देवाने धरला, दुसरा मी धरला होता. चार वाजून चाळीस मिनिटांनी तो हात जड झाला. मान वर केली तेव्हा खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

जाई पाच वीसला आली. बूट न काढताच आली. पलंगाशी उभी राहिली, बापाच्या तोंडाकडे बघत राहिली.

"फॉर्टी मिनिट्स, आई. ही कुडन्ट वेट फॉर्टी मिनिट्स?"

"तो थांबला असता गं," मी म्हणाले. "मीच थांबवलं नाही."

"डोन्ट से दॅट." तिने मला मिठी मारली, थंडगार जॅकेटसकट. "यू डिड एव्हरीथिंग. एव्हरीबडी सेज सो."

मी खरं तेच सांगितलं होतं. पुन्हा सांगायला तोंड उघडलं, तर ती माझी पाठ थोपटायला लागली. मग मी तिला थोपटू दिलं.