दगडाने घेतलं

कपाळ

सकाळची घंटा व्हायच्या आत कपाळ चौकात पाय ठेवायला जागा नसायची. कुबड्यांवरचे, काठ्यांवरचे, लेकाच्या पाठुंगळीला बसलेल्या म्हाताऱ्या, गालफाड फडक्याने बांधलेले दाढदुखीवाले, सगळे एकमेकांना ढकलत पुढे सरकायचे. मधोमध एक काळी शिळा. तिला जखम टेकवायची किंवा ओठ टेकवायचे आणि शंभर आकडे मोजायचे. की दुखणं गायब. मग तो माणूस मान वर करून ओरडायचा, "दगडाने घेतलं!"

आणि अख्खा चौक त्याच्यामागून, "घेतलं!"

आमचं शहर पवित्र आहे. इतकं जुनं की नदीने तीनदा पात्र बदललं, शहर जागचं हललं नाही. खाली देव निजलाय म्हणतात, आणि शहर त्याच्या अंगावर वसलंय. म्हणून कपाळ चौक, कोपर गल्ली, गुडघा आळी, टाच घाट. आकाशातले दोन्ही चंद्र एका वेळी उगवतील त्या दिवशी तो कूस बदलणार आहे. तोवर आम्ही घरं बांधतो.

मी पाथरवट. शहरातल्या पायऱ्या दुरुस्त करतो. बारा वर्षं देवाच्या अंगावर छिन्नी चालवतोय. तो एकदाही कण्हला नाही.

शिळेशेजारी शिळामहाराज उभे असत. हातात पितळी किटली, खांद्यावर ओलं फडकं.

"देव इतका गाढ निजलाय की त्याला काही दुखत नाही," ते म्हणायचे. "हे त्याचं कपाळ. आणि तुमचं दुखणं म्हणजे काय? देहाची बडबड! शिळा देहाला म्हणते, चूप!"

एकदा एक हमाल पुढे आला. "महाराज, तीन दिवस गुडघा टेकवतोय. काही फरक नाही."

"श्रद्धा जाड कातडीतून जात नाही, बाबा. ओठ टेकव."

त्याने टेकवले.

"आता?"

"ओठ बधिर झाले."

"झाले ना? दुखणं गुडघ्यातून निघालं, ओठांपर्यंत आलं. घरी जाईतो बाहेर पडेल."

हमाल लंगडत गेला. खुशीत.

पाय

ताई टाच घाटावर लोकांचे कपडे धुते. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. मला दगडोबा म्हणते. धंद्यावरूनही आणि डोक्यावरूनही.

तिच्या पायात खिळा गेला होता. महिना झाला.

"बघू."

"काही नाही रे. दुखत नाही."

"अंगठा काळा पडलाय ताई."

"दुखत नाही म्हणते ना. रोज शिळेला लावते. दुखत नाही तर जखम कसली?"

"वास येतोय."

"तुझ्या घरातही येतो. चार दिवसांची भांडी पडलीत तिथे. मी काही बोलले?"

डॉक्टरीणबाईंना मी ओढून आणलं. त्यांनी पाय उचलला, दाबला, पू बाहेर आला. ताई समोरच्या भिंतीकडे बघत होती. तिला कळलंच नाही.

बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिला घरी बसवा आणि रोज माझ्याकडे आणा. अजून आठ दिवस हातात आहेत. त्यानंतर पाय घोट्यापासून काढावा लागेल. तेवढ्यावर निभावलं तर."

मी हे ताईला सांगितलं. ती म्हणाली, "त्या बाईचं पोट चालायला नको? तूच एकदा कपाळ टेकव शिळेला. बायको गेल्यापासून नुसता बसून असतोस. तुझंही घेईल."

"माझं काय घेणार? मला काही दुखतच नाही."

हे खरं होतं. बायको थंडीत गेली. लोक आले, लोक गेले. मी दुसऱ्या दिवशी कामावर. इथे मला काही वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. पुढे सांगतो.

चौकाच्या कमानीवर लावलेली सूचना

भाविकांस कळविण्यात येते की देवाच्या कपाळी घाम आल्याने शिळादर्शन आज दुपारपासून उद्या सकाळपर्यंत बंद राहील. ज्यांचे दुखणे थांबण्यासारखे नसेल त्यांनी ते धीराने घ्यावे.

हात

घाम वगैरे काही नव्हता. शिळेला चीर गेली होती. महाराजांनी मला मागच्या दाराने बोलावलं.

"बदलायची. तशीच दिसली पाहिजे. कुणाला कळता कामा नये."

मी चिरेवरून बोट फिरवलं. गार दगडावर रोज कुणी कढत पाणी ओतलं तरच अशी चीर पडते, वरून आत, केसासारखी. हे मी मनात म्हटलं.

तसल्या काळ्या दगडाची खाण माझ्या आजोबांच्या वेळीच संपली. पण एक दगड माझ्या अंगणात होता. ताईचा धुण्याचा दगड. अकरा वर्षं तिने त्यावर कपडे आपटले. गेल्या वर्षी घाटावर नवे हौद झाले तेव्हा तो मी घरी आणला. त्यावर बसून जेवायचो. कडा घासल्या, मापात आणला, संध्याकाळच्या आत बसवला. त्याच्या एका अंगाला मासा कोरलेला होता. मी शिकाऊ असताना ताईसाठी कोरलेला, माझं पहिलं काम. तो मासा खाली गेला.

का केलं, असं नंतर लोकांनी विचारलं. महाराजांनी सांगितलं, ते मी केलं. तेव्हा माझं असंच चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी चौक उघडला. "दगडाने घेतलं!" "घेतलं!" रोजच्यासारखंच. एक दाढदुखीवाला तर नाचला.

मग ताई आली. काठी टेकत. तिने आपला काळा अंगठा आपल्याच धुण्याच्या दगडावर ठेवला, डोळे मिटले, शंभर आकडे मोजले.

"घेतलं," ती म्हणाली.

मी तिच्यामागे उभा होतो. हसू यायला हवं होतं, नाहीतर रडू. दोन्ही आलं नाही. पण एक साधा हिशेब डोक्यात राहिला. दगड बदलला आणि चमत्कार बदलला नाही. म्हणजे चमत्कार दगडात नाही.

जीभ

पाथरवट दगड जिभेने ओळखतो. भुसभुशीत असेल तर जिभेला चिकटतो. खारट लागला तर पावसाळ्यात खपल्या सोडतो. लोकांना किळस येते. आम्हाला कळतं.

ताईच्या दगडाची चव मला पाठ होती. सोडा आणि जुना साबण. बसवताना चाखला तेव्हा तीच होती. दोन दिवसांनी पहाटे महाराज किटली ओतून आत गेले आणि मी सांधा तपासायच्या निमित्ताने वाकलो.

चव कडू. आधी मुंग्या आल्या. मग जीभ तोंडात आहे की नाही ते कळेना.

पण ही जीभ ओळखीची होती. माझी दाढ काढली तेव्हा अशीच झाली होती. मी तडक दवाखान्यात गेलो.

"दॉक्तलीनबाई, धगदावल मुंगवेल आए."

"काय?"

"मुंगवेल!"

त्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या.

मुंगवेल आमच्याकडे कुंपणावर वाढते. पाला उकळून गाळला की झालं. डॉक्टरीणबाई दाढ काढण्यापूर्वी तोच रस हिरडीला लावतात. उघड्या जखमेवर, ओठांवर, जिभेवर तो चालतो. जाड कातडीतून आत जात नाही. हमालाचा गुडघा म्हणून अश्रद्ध निघाला.

"घराला आग लागलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घंटा वाजतेय, आणि या माणसाने घंटेत बोळा कोंबलाय. तुमच्या ताईला सांगा."

"सांगितलं. ऐकत नाही."

"मग दाखवा. आठातला आज सहावा दिवस आहे."

मासा

सातव्या दिवशी सकाळी मी पहार घेऊन चौकात गेलो. गर्दी नेहमीची. ताई रांगेत तिसरी.

"सांधा ढिला झालाय," मी म्हणालो. लोक बाजूला झाले. पाथरवटाला कुणी अडवत नाही.

महाराजांच्या लक्षात येईपर्यंत पहार सांध्यात शिरली होती.

"अरे! देवाच्या कपाळात पहार? देव उठेल, सगळं शहर जागं होईल!"

"होऊ दे की," मी म्हणालो, आणि शिळा उलटली.

मासा वर आला. एक डोळा मोठा, एक लहान. तेव्हा मला गोल जमत नसे.

ताई पुढे आली. वाकली. माशाच्या पाठीवरून हात फिरवला.

"दगडोबा," ती हळूच म्हणाली, "हा माझा दगड आहे."

"हो."

"धुण्याचा."

"हो. शिळा तडकली. महाराजांनी बदलायला लावली. हा चार दिवसांपूर्वी मी बसवला."

"चार दिवस मी..."

"हो ताई."

रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "म्हणजे आम्ही ओठ टेकवले ते कशाला?"

"ज्यावर अकरा वर्षं तुमच्या चड्ड्या आपटल्या त्याला!" ताई म्हणाली.

काही जण हसले. काहींनी तोंड पुसलं. पण महाराज कसले खचतायत. त्यांनी हात वर केला. "लेकरांनो, देव म्हणेल तो दगड त्याचं कपाळ. धुण्याचा असला म्हणून काय झालं? देवाने त्यालाही पदरात घेतलं!"

चौक पुन्हा "घेतलं" म्हणायच्या बेतात होता. तेवढ्यात ताईने आपले दोन्ही हात पुढे केले. बोटांच्या पेरांवर जुने पांढरे वण.

"हे बघा. सोड्याने भेगा पडायच्या, रक्त यायचं. अकरा वर्षं हे हात याच दगडावर होते. झोंबून झोंबून डोळ्यांत पाणी यायचं. तेव्हा का नाही घेतलं याने?"

महाराजांनी किटली पायामागे सरकवली.

मग मी बोलावून ठेवलेल्या डॉक्टरीणबाई गर्दीतून पुढे आल्या. त्यांनी किटली उचलली, रांगेतल्या त्या लंगड्या हमालाच्याच खांद्यावरचा गमछा घेतला, त्यावर धार धरली आणि तो त्याच्या ओठांना लावला. सगळा चौक त्याच्या तोंडाकडे बघत होता. शंभर आकडे झाले.

"बोल."

"बधिल," हमाल म्हणाला.

"आता तुझा गमछाही देव झाला. गुडघ्याचं काय?"

"दुथतोय."

मी बादलीभर पाण्याने आणि सोड्याने दगड खसखसून धुतला. म्हातारीने पुन्हा ओठ टेकवले. शंभर झाले, दोनशे झाले. काही नाही.

सगळ्यांना पटलं असं सांगितलं तर खोटं होईल. बरेच जण खाली मान घालून घरी गेले. दोघांनी हमालाकडे तो गमछा मागितला.

पाय

ताई त्याच दुपारी दवाखान्यात आली. अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. काढताना डॉक्टरीणबाईंनी मुंगवेलीचाच रस वापरला. ताईला सांगून, बाटली दाखवून, किती वेळ टिकेल ते बोलून. रस काही पापी नव्हता.

उरलेला पाय वाचला की नाही ते कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या खाटेशी बसलो होतो.

"दगडोबा."

"हं."

"अरे, दुखतंय रे!"

डॉक्टरीणबाई धावत आल्या. टाच दाबली. "इथे?"

"आई गं!"

"आणि इथे?"

"मेले, मेले! सोडा बाई!"

डॉक्टरीणबाई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी मोठा श्वास सोडला. "पाय जिवंत आहे."

ताई शिव्या देत होती. मला, डॉक्टरीणबाईंना, खाली निजलेल्या देवाला. महिन्याभरात इतकं बरं काही माझ्या कानावर आलं नव्हतं.

मी घरी गेलो. अंगणात दगडाच्या जागी मातीत चौकोनी खड्डा होता. तिथेच जमिनीवर बसून जेवलो. भाजी आळणी होती. मीठ घालायला मी विसरलो होतो, आणि ते सांगायला घरात कुणी नव्हतं. छातीत काहीतरी दुखलं. थोडंच. मी ते दुखू दिलं.

दुसऱ्या चौकात दुसरा कुणी उभा राहील. त्याच्याकडे दगड नसेल, अंगठी असेल, राख असेल, नुसती फुंकर असेल. तो तुमच्या दुखण्याला बडबड म्हणेल. त्याचं ऐकू नका. दुखणं ही देहाने मारलेली हाक आहे. हाक आली की उठून बघायचं असतं, कोण मारतंय आणि कशासाठी. ते बघायला शिकलेलं माणूस लागतं, वेळ लागतो, आणि कधी कधी दोन बोटं जातात. पण पाय राहतो.

आणि कुणी क्षणात तुमचं दुखणं घेतलंच, तर त्याला एवढं जरूर विचारा: घेतलंस ते ठेवलंस कुठे?