वाढलेला हप्ता

पनवेलच्या कमळाकर गुप्त्यांची टॅक्सी पेणच्या रस्त्यावर सगळ्यांच्या ओळखीची होती. एस.टी. चुकलेला माणूस त्यांच्या गाडीत बसे आणि एस.टी.च्या आधी पेणला उतरे. या वेगाचा कमळाकरांना भारी अभिमान! भरधाव हाकल्याबद्दल आणि जादा उतारू कोंबल्याबद्दल दोनदा कोर्टात दंड झाला, परवान्यावर शेरे पडले, तरी ते हसून म्हणत, "दंड भरला, विषय संपला."

विषय संपला नव्हता. विम्याचे एजंट दाजी लेले एका सकाळी ओटीवर येऊन बसले आणि म्हणाले, "कमळाकर, पुढच्या महिन्यापासून तुझ्या गाडीचा हप्ता दीडपट होणार."

"का म्हणून? माझ्या गाडीला साधा ओरखडा नाही!"

"परवान्यावर दोन शेरे आहेत ना."

"त्यांचा दंड सरकारनं घेतला की! एका चुकीला दोन शिक्षा?"

"शिक्षा नाही रे. दंड झालेल्या गोष्टीचा असतो. हप्ता पुढं काय होईल यावर ठरतो. तू असाच हाकत राहिलास तर एक दिवस कुणीतरी चाकाखाली येणार, असं कंपनी धरून चालते. आणखी काही घडलं तर विमा उतरवायलाच नकार येईल, आणि विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही, असा कायदा आहे."

"भित्री आहे तुमची कंपनी!" कमळाकर म्हणाले खरे, पण मनात हिशेब सुरू झाला. गाडी बंद पडली तर घर कसे चालायचे?

वाढीव हप्ता भरून काढायचा म्हणून त्याच दिवशी त्यांनी आणखी दाटीवाटीने उतारू भरले. माहेरी निघालेली त्यांची बायको दमयंती पुढच्या सीटवर अंग चोरून बसली होती. पळस्प्याचा फाटा मागे पडला आणि पुढे एस.टी. दिसली. वळण जवळ आले होते.

"अहो, राहू द्या ना मागं," दमयंती म्हणाली.

कमळाकरांनी एस.टी.ला मागे टाकायला गाडी बाहेर काढली. धुरळ्यात काही दिसेना. एकाएकी समोर लाकडांची मोळी आणि मोळीखाली एक बाई! त्यांनी ब्रेक दाबला. धप्पकन आवाज झाला.

गाडी थांबली.

"निघा, निघा!" मागून एक उतारू कुजबुजला. "थांबलात तर परवाना जाईल."

त्यांचा पाय पुन्हा अ‍ॅक्सिलरेटरकडे गेला. तिसरा शेरा, विमा बंद, गाडी बंद... डोळ्यांपुढे दुसरे काही येईना.

दमयंतीने त्यांचे मनगट घट्ट धरले. "उतरा."

"दमू, गाडी जाईल आपली!"

"तिथं बाई पडलीय! जगलीय की नाही ते तरी बघा!"

पाय ओढत कमळाकर गाडीमागे गेले. विखुरलेल्या लाकडांत डोंगरातल्या वाडीवरची जनी कातकरीण डोळे मिटून पडली होती. संपले सगळे, असे त्यांना वाटले. तिला उचलायला ते वाकले, तोच तिने डोळे उघडले आणि दोन्ही हात तोंडापुढे धरले.

"मारू नको रं दादा! मी कडंनंच चालले व्हते. माजी काय चूक नाय!"

कमळाकर जागच्या जागी बसले. अरेरे! आपण जिला पाडले, तीच आपल्यापुढे गयावया करते आहे! आपल्याला गाडी जायची भीती, आणि हिला? हिला तर आपलीच भीती!

"चूक माझी आहे, बाई," त्यांच्या तोंडून कसेबसे निघाले.

उतारूंना तिथेच उतरवून त्यांनी जनीला पनवेलच्या दवाखान्यात नेले आणि तिथून स्वतःच्या पायांनी पोलीस ठाणे गाठले. जनीचा पाय मोडला होता. कमळाकरांना दंड झाला, परवाना काही महिने जप्त राहिला. त्या काळात दमयंतीच्या शिवणकामावर घर चालले.

जनीच्या औषधपाण्याचा खर्च आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई विम्यातून मिळाली. दाजींनी ते सांगितले तेव्हा कमळाकरांनी कागद हातात घेऊन रक्कम दोनदा वाचली. हप्ता कंपनीच्या घशात जातो, असे ते आजवर समजत होते.

"तो अशा वाटसरूंसाठीच असतो," दाजी म्हणाले. "पण तिचा पाय मोडायलाच नको होता, कमळाकर."

पुढच्या वर्षी दाजींनी रदबदली केली म्हणून विमा मिळाला, तोही दुप्पट हप्त्याने. कमळाकरांनी तक्रार केली नाही. आता ते मोजकेच उतारू घेतात आणि वळण आले की गाडी हळू करतात.

वाचकहो, वाहतुकीचा नियम मोडला की दंड भरून आपण मोकळे होतो, असे आपल्याला वाटते. तसे नसते. वाढलेला हप्ता आपण कुरकुरत का होईना भरतो; पण आपल्या बेफिकिरीची खरी किंमत रस्त्याच्या कडेने पायी चालणारा माणूस रोज जीव मुठीत धरून भरत असतो. त्याला निर्भयपणे चालता यावे, एवढे तरी आपण केलेच पाहिजे!