दगूबाईच्या कढईची हाक

या लेकरांनो, जवळ सरका. कीर्तनाला बसताना सरकता ना, अगदी तसे. एक गोष्ट सांगते. भरभर सांगते, कारण माझ्याजवळ वेळ थोडा आहे.

मी एक जुनी लोखंडी कढई आहे. तापीकाठच्या गावात हरिनाम सप्ताह चालू असताना पालावरच्या लोहाराने मला ठोकून घडवले आणि दगूबाई मला घरी घेऊन गेली. बुवा सांगत, परीस लागला की लोखंडाचे सोने होते. मित्रांनो, माझा परीस म्हणजे दगूबाईचा हात! ती माझ्यात आंबाडी शिजवी, मेथीत चिमूटभर आमचूर टाकी. आंबट लागले की माझ्या अंगचे लोह थोडे थोडे भाजीत उतरे, भाजी काळपट होई. तो काळपटपणाच रक्ताला पोसणारा होता. भाजी काढली की ती मला धुई, पुसे, तेलाचा हात फिरवी.

दगूबाई देवाघरी गेली. मग तिच्या नातसुनेला, कामिनीला, दिवस गेले. सासू वत्सलाबाई मनाची फार मायाळू. मायेपोटीच ती चुकली.

"काई भाजी खाशी त पोऱ्या काया व्हई, माय!" असे म्हणून, काळ्या भाजीने बाळ काळे होईल या धास्तीने, तिने मला चुलीवरून उतरवले.

सासरे रूपचंद म्हणाले, "मी काय गोरा शे का? तरी तू मन्हासंगे लगीन करं ना!"

सगळे हसले. पण मी गोठ्यात गेले, कोंबड्यांच्या पाण्याला. मला गंज चढू लागला. कामिनीला खोबरे, दूधभात, पांढरे ते सारे. वर जेवण होताच कपभर चहा, तो तर जेवणातले लोह अंगी लागूच देत नाही. तिचे ओठ पांढरे पडले. हंडा उचलताना ती भिंत धरी. मी आतल्या आत ओरडत होते, पण झाऱ्याशिवाय कढईला आवाज कुठला?

परवा सकाळी वत्सलाबाईने मला भंगारवाल्याच्या गाडीत टाकले. तेवढ्यात गावची आशा कार्यकर्ती कौसाबाई आली.

"वत्सलाबाई, सूनना आंगमा रगत सातच शे, अकरा पाहिजे! लोहन्या गोया खास का ती?"

"खास ना. दूधबी देस मी."

"लोखंडनी कढई शे का घरमा? आंबाडी तेमाच रांध."

"भाजी काई व्हस ना, बाई."

"होऊ दे काई! पोऱ्याना रंगले काय करशी? पोऱ्यानी माय वाचाले पाहिजे!"

वत्सलाबाईचा चेहरा उतरला. तेवढ्यात गाडी सुटली. ती अनवाणी धावली, "ओ भाऊ, थांब ना रे! मन्ही सासूनी कढई शे ती!" पण गाडीवरचा भोंगा "भंगाऽर" म्हणून ओरडत राहिला. तिची हाक फक्त मी ऐकली.

आता मी नंदुरबारच्या भंगारात पडले आहे. बाजारातल्या मिरचीचा नाकाला झोंबणारा खाट इथवर येतो. उद्या ट्रक भरणार, मग भट्टी. पावले वाजली की वाटते, रूपचंदच आले. कोणी येत नाही. तिकडे कामिनीच्या बाळंतपणाला महिनाच उरला आहे.

मित्रांनो, मला शोधू नका. तिच्या घरी एवढेच सांगा: बाजारातून कोणतीही लोखंडी कढई आणा, गोळ्या चुकवू नका, काळ्या भाजीला भिऊ नका. तुमच्या घरी माझी कोणी बहीण असेल तर तिला गोठ्यात टाकू नका.

आणि आज सांजेला देवापुढे हात जोडाल, तेव्हा आधी कामिनीची आठवण काढा.