दुपारी फिरणारं मीटर

"आवं चांदभाई, भर दुपारी दिवा लावाय आमी काय येडी हाय का?" साळूबाई कमरेवर हात ठेवून दारात उभी होती. "तुमचं मीटरच खुळं झालंया."

चांदसाहेब मुजावरला यात नवं काही नव्हतं. वीज कंपनीच्या वतीनं सांगलीतली मीटरं वाचत हिंडायला लागून त्याला बारा वर्षं झाली होती. एवढ्या काळात लोकांनी त्याला चोर म्हटलं, कंपनीचा कुत्रा म्हटलं आणि सणाला हाताला धरून पोळीही खाऊ घातली. त्याचं उत्तर ठरलेलं असे.

"मीटर खोटं बोलत न्हाई, बाई. खोटं बोलतोय तो माणूस. समदं बंद करा बघू."

साळूबाईनं खटाखट दोन्ही दिव्यांची बटणं दाबून दाखवली. घरात दिवे दोनच. पंखा नाही, इस्त्री नाही. तरी काचेमागची चकती आपली सावकाश फिरतेच आहे. चांदसाहेबानं टोपी मागं सारली आणि भिंतीवरच्या वायरीचा माग काढत तो आतल्या खोलीत गेला.

आत मेजावर रेडिओ होता आणि त्याला कान लावून साळूबाईचे सासरे, हंबीरराव नाईक, बसले होते. पहिल्या लढाईतले पेन्शनर. दोन्ही डोळे मोतीबिंदूनं गेलेले. बैलाच्या वशिंडावर ठेवावा तसा त्यांचा एक हात रेडिओवर होता. आवाज पार बारीक केलेला, आतून नुसतं गूं गूं चाललेलं. चांदसाहेबानं पेटीच्या लाकडाला हात लावला. चांगलं तापलं होतं.

"घावला चोर," तो म्हणाला. "नाईक, आत्ता तर ठेसन बी बंद हाय. मुक्या पेटीला दिसभर वीज कशापायी पाजताय?"

"घरातलं मानूस मुकं झालं, तर त्याला भाकरी घालायची बंद करत्यात व्हय रं?" नाईक म्हणाले. मग जरा नरमून सांगू लागले. "माजा सयाजी बर्माच्या आघाडीवर हाय. रजेवर आला तवा पगारातनं ही घिऊन दिली. एक डाव बंद ठिवली व्हती. परत लावली, तर आतलं दिवं तापंस्तवर बर्माची बातमी निघून गेली. तवाधरनं बंद केली न्हाई. आन आता सवय लागली, गड्या. हाताला ऊब लागली की वाटतंय, पोरगं बरं हाय."

चांदसाहेब बाहेर आला.

बाहेर साळूबाईनं आवाज उतरवून सांगितलं, ते त्याहून कठीण होतं. नवऱ्याचं चार महिने पत्र नव्हतं. ती घरी शिवणकाम करायची, पण त्यात पोट आणि वीज दोन्ही भागत नव्हती. नाक्यावरचा हाटेलवाला रेडिओ मागत होता. "येत्या बाजारी दिऊन टाकती. पन पेटी गेली तर मामंजी अन्न सोडत्याल. एक दिस बंद केली व्हती मी. हाताला गार लागली तर दोन घास खाऊन उठले."

चांदसाहेब पायरीवर बसला. त्यानं घरोघर फिरून रेडिओच्या वेळा ऐकल्या होत्या. सकाळी थोडा वेळ, दुपारी थोडा, मग संध्याकाळी. त्याच्या आधी पाच मिनिटं लावला तरी पुरे. बाकी सगळा वेळ ती वीज नुसती लाकूड तापवण्यात जात होती. अडचण होती ती फक्त उबेची. चुलीकडं बघता बघता त्याला सुचलं आणि सुचल्याबरोबर स्वतःचीच लाज वाटली. बारा वर्षं खरं-खोटं करत हिंडणारा माणूस आता सुनेला शिकवत होता की भाकरी झाल्यावर वीट तापवा, फडक्यात गुंडाळा आणि वर झालरीचा रुमाल टाकून रेडिओच्या डोक्यावर ठेवा.

"पाप लागंल का वो?" साळूबाईनं विचारलं.

"लागलं तर निम्मं माझ्या नावावर," तो म्हणाला.

पुढच्या महिन्यात तो आला तेव्हा चकती जागची हलत नव्हती. महिन्याचा वापर मागच्यापेक्षा निम्म्याहून कमी. शाबासकी घ्यावी म्हणून त्यानं हाक मारली आणि साळूबाई पुढं आली. तिचं कपाळ मोकळं होतं. बांगड्या मात्र दोन्ही हातांत भरून. आंधळ्याला कपाळ दिसत नाही, बांगड्या ऐकू येतात.

तिनं ओठांवर बोट ठेवलं, आतल्या खोलीकडं मान केली आणि घागर घेऊन नळावर गेली. गल्लीला ठाऊक आणि घरात चोरी, असा तो प्रकार होता.

"चांदभाई का?" आतून नाईकांनी विचारलं. "या. ही वीट तुमचीच अक्कल न्हवं?"

चांदसाहेब दारातून एक पाऊल आत आला.

"पयल्याच दिशी वळखलं. वीट गूं गूं करती व्हय? पन म्हनलं, पोरीची धडपड चाललीया, चालू दे." नाईकांनी हात विटेवरनं काढून मांडीवर घेतला. "पेटीला कान लावून बसलो असतो तर मला काय बी कळलं नसतं. ती गप व्हती म्हनून ऐकाय आलं. तारवाला दारात आला. त्यानंच तार वाचून दावली. सयाचं नाव घितलं, पलटनीचं घितलं. आन मग ही चुलीफुडं जाऊन तोंडात पदर घालून रडली. आज अकरा दिस झालं."

"मग तुमी तिला..."

"तिनं माझ्यापास्नं लपवलं, मी तिच्यापास्नं. दोगं बी सुखात हाय असं दावतोय. पन सांजच्याला मला बातम्या लावून दिती आन बर्माचं समदं माझ्यासंगं ऐकत बसती. ते तिला सोसत न्हाई. मला तिचा श्वास ऐकाय येतोय. पेटी बिघडली म्हना आन घिऊन जावा. परवा पेटी मागाय आलता, त्या हाटेलवाल्याला द्या."

घागर टेकल्याचा आवाज झाला. चांदसाहेब आयुष्यातलं दुसरं खोटं बोलला. "बाई, रेडिओत बिघाड हाय. आतला दिवा गेलाय. लढाई संपंस्तवर तसला मिळायचा न्हाई. मी घिऊन जातो."

साळूबाई सासऱ्यांकडं बघत राहिली. वाद घालेल असं त्याला वाटलं होतं. ती म्हणाली, "न्या," आणि मोठा श्वास सोडला. वीट उचलून तिनं चुलीकडं ठेवली. भिंतीतून वायर ओढायला वाकली तशा बांगड्या वाजल्या. चांदसाहेबासमोर तो खोटा आवाज तिलाच सोसेना; तिनं पटकन दुसऱ्या हातानं त्या दाबून धरल्या.

"दाबू नगं गं," नाईक म्हणाले. "समदं ठावं हाय मला. काढू बी नगं. ह्या घरात आता तेवढंच वाजायचं ऱ्हायलंय."

चांदसाहेबानं रेडिओ खांद्यावर घेतला आणि खाली मान घालून दाराकडं वळला. साळूबाई वायर हातात धरून तशीच उभी होती. मग तिनं बांगड्यांवरची मूठ सोडली.